उडून गेलेला पिवळा : वनस्पतींच्या पिवळ्या रंगांच्या अभ्यासाला प्रस्तावना

एडो काळातल्या जपानी ठसेचित्रांचा एखादा जुना संग्रह चाळला, की काही चित्रांत झाडांची पाने निळी दिसतात. बांबू निळा, गवत निळे, तळ्याकाठची लव्हाळी निळी. नवख्या माणसाला ही चित्रकाराची लहर वाटते. तशी ती नसते. ती पाने छापली तेव्हा हिरवी होती. निळ्यावर पिवळा चढवून किंवा दोन्ही एकत्र कालवून तो हिरवा साधला होता. दीड-दोनशे वर्षांच्या उजेडात पिवळा उडाला आणि निळा मागे राहिला. हा उडालेला पिवळा कशाचा होता असे विचारले, की उत्तरादाखल बरीच नावे पुढे येतात. त्यांतले एक आपल्या मिसळणाच्या डब्यातले आहे : हळद.

ही प्रस्तावना त्या नावापासून निघते आणि बरीचशी कराडच्या आसपासच राहते. वनस्पतींपासून मिळणाऱ्या पिवळ्या रंगांचा अभ्यास आज जोमाने चालतो तो मोठमोठ्या संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत. तिथल्या संशोधकांना जे पदार्थ कुपीत घालून दुरून मागवावे लागतात, ते कृष्णाकाठच्या माणसाला रानात, परसात आणि आठवड्याच्या बाजारात मिळतात. हळद वाळवा-मिरज भागात पिकते, डाळिंब आटपाडीला, हिरडा कोयनेच्या खोऱ्यातल्या जंगलात. पारिजातक तर कितीतरी घरांच्या दारात आहे. या विषयात शिरण्यासाठी कराडइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही, असे माझे ठाम मत आहे. वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलगी, रसायनशास्त्राचे शिक्षक, घरातल्या पोथ्या जपणारे आजोबा, हळदीचा शेतकरी, कुंकू तयार करणारे कारागीर या सगळ्यांना इथे काम आहे, आणि प्रत्येकाजवळ दुसऱ्याला नसलेली माहिती आहे.

आधी पिवळाच का, ते सांगतो. लाल आणि निळा देणाऱ्या वनस्पती मोजक्या आहेत. निळ्यासाठी नीळ, लालसाठी आल, मंजिष्ठा, पतंग, कुसुंबा अशी हाताच्या बोटांवर मोजता येणारी नावे. पिवळ्याचे तसे नाही. कांद्याची टरफले उकळा, झेंडूची फुले उकळा, पळसाची फुले उकळा, पाणी पिवळे होतेच. वनस्पतींत फ्लॅवोनॉइड नावाच्या संयुगांचे मोठे कुळ सर्वत्र पसरलेले आहे आणि त्यातली बरीच संयुगे पिवळी असतात. कापडावर किंवा कागदावर त्यांना बसवायला तुरटी लागते. तुरटीतले ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरते, दुसऱ्या हाताने रंग. म्हणजे पिवळा मिळवणे हे रंगाऱ्याचे सर्वांत सोपे काम. अवघड काम पुढचे, तो टिकवण्याचे. सोपे मिळते आणि लवकर जाते, म्हणून पिवळ्याचा इतिहास इतर रंगांच्या इतिहासापेक्षा विरळ उरला आहे. रंगाचा अभ्यास करणाऱ्याला इथे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीइतकेच, दिसायला हवी होती आणि दिसत नाही अशा गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. या अभ्यासाचे सगळे कौशल्य मला त्यातच दिसते.

नवख्याची पहिली चूक बहुधा फुलांपाशी होते. पावसाळा सरताना कासचे पठार सोनकीने पिवळेधमक होते. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत सह्याद्रीतली जी ठिकाणे आली त्यात हे पठार आहे. तो पिवळा पाहून वाटते, इथे रंगाची खाण आहे. पण फुलाच्या पाकळीतला रंग पुष्कळदा त्या पाकळीपुरताच असतो. वाळवला की मलूल होतो, उकळला की फिका पडतो. रंगाऱ्याच्या कामाचा पिवळा बहुतेक वेळा कंदात, सालीत, लाकडात, फळाच्या टरफलात दडलेला असतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. आटपाडीच्या डाळिंबाचे टरफल लालबुंद. तुरटीबरोबर ते पिवळा देते आणि लोखंड मिसळले की काळपट हिरवा. हिरडा दिसायला मातकट. तुरटीबरोबर फिकट पिवळा, लोखंडाबरोबर शाईसारखा काळा. हिरड्याच्या पाण्यात भिजवून काढलेले कापड पुढे आल किंवा इतर रंग चांगला धरते, हे आपल्या रंगाऱ्यांना रसायनशास्त्राचे पुस्तक येण्याच्या कितीतरी आधी माहीत होते.

पारिजातक मात्र या नियमाला अपवाद. त्याच्या फुलाचा केशरी देठ गरम पाण्यात टाकला की सोनेरी पिवळा उतरतो. हा रंग ज्या कुळातला, त्याच क्रोसिनच्या कुळातला केशराचा रंग. आणि जपानी रंगारी ज्या कुचिनाशीच्या फळापासून पिवळा काढत आले, त्या फळातही क्रोसिनच असते. कुचिनाशी म्हणजे कोण? आपल्या अंगणातला अनंत. सुगंधासाठी आपण दुहेरी पाकळ्यांचा अनंत लावतो, त्याला फळ धरत नाही, म्हणून त्यातला रंग आपल्याला कधी भेटला नाही. एकेरी पाकळ्यांच्या झाडाला नारिंगी फळे येतात आणि ती जपान-चीनमध्ये अन्नाला आणि कापडाला रंग देत आली आहेत. पारिजातक, केशर आणि अनंत ही तीन झाडे वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात एकमेकांपासून कितीतरी दूर. रंगाने मात्र सख्खी. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात आणि मलाही नव्याने आनंद होतो.

असेच दुसरे नाते बर्बेरीनचे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या दारुहळदीचे लाकूड ज्यामुळे पिवळे, तेच बर्बेरीन जपानी किहादा या झाडाच्या आतल्या सालीत असते. चीनमध्ये याच झाडाच्या भावंडाच्या सालीच्या पाण्यात कागद रंगवीत, कारण त्या कागदाला कीड लागत नसे. दुन्हुआंगच्या गुहांत सापडलेल्या बौद्ध पोथ्यांत असा पिवळा कागद आहे. आपल्या पोथ्यांतही पिवळा आणि कीड यांचा संबंध जोडला गेला, पण तो हरताळाच्या रूपाने. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचे खनिज. लेखकू चुकलेल्या अक्षरांवर ते फासत आणि त्यावर पुन्हा लिहीत. हरताळ वनस्पतिज नाही, तरी या अभ्यासात त्याचे नाव सतत निघते. जुन्या कागदावर पिवळा दिसला की पहिला प्रश्न हाच असतो, की हा झाडाचा की दगडाचा. जपानी ठसेचित्रांतही दोन्ही आहेत. तिथल्या पिवळ्यांत हरताळ आहे, गँबोज म्हणजे आपल्या कोकमाच्याच गोत्रातल्या एका झाडाचा वाळवलेला चीक आहे, एन्जू नावाच्या झाडाच्या कळ्यांचा रंग आहे, कारियासू हे गवत आहे, आणि हळद आहे.

ती चित्रे छापत कशी, ते थोडक्यात समजून घ्यायला हवे. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर उतरवी, छापणारा प्रत्येक रंगाला वेगळा ठसा वापरी आणि या सगळ्यांचा खर्च प्रकाशक उचली. १७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून अनेक रंगांची, निशिकी-ए म्हणून ओळखली जाणारी छपाई रूढ झाली. रंग पाण्यातला, त्याला तांदळाची खळ. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा आणि त्यावर सरस-तुरटीचा हात दिलेला. ही तुरटी कागदावर रंग पसरू नये म्हणून असे, पण तीच फ्लॅवोनॉइड रंगांना धरायलाही उपयोगी पडते. आपल्या रंगाऱ्याच्या भांड्यातली तुरटी जपानी छापणाऱ्याच्या कागदात आधीच बसलेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

या छापखान्यांत हळद कुठून आली? दक्षिण जपानच्या समुद्रातली रियुक्यू बेटे, आजचे ओकिनावा, हे तिचे मोठे ठिकाण. सतराव्या शतकात रियुक्यूच्या राज्याने साखर आणि हळद यांच्या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे घेतला होता, इतके तिला मोल होते. पण त्याआधीचा तिचा प्रवास मला अधिक विलक्षण वाटतो. आपण लावतो ती हळद वंध्य आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ६३, आणि त्यामुळे तिला रुजणारे बी धरत नाही. वारा, पक्षी, पाण्याचा प्रवाह यांपैकी कोणीही हळद दूरदेशी नेऊ शकत नाही. तिचा गड्डा माणसानेच उचलून नेला आणि माणसानेच दुसऱ्या मातीत पुरला. दक्षिण आशियातून निघून ओकिनावापर्यंत आणि दुसरीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत हळद जिथे जिथे आहे, तिथे तिथे कुणीतरी ती हातातून नेलेली आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आपला शेतकरी जेठा गड्डा सरीत ठेवतो, तेव्हा तो त्याच न तुटलेल्या साखळीतला एक दुवा जोडत असतो.

हळदीवर मी थोडे रेंगाळणार आहे, कारण या प्रदेशाने जगाच्या या अभ्यासाला देण्यासारखे सर्वांत मोठे धन तेच आहे. वाई-कोरेगावपासून कराड, वाळवा, पलूस, मिरज असा कृष्णेच्या काठाने हा पट्टा जातो. सांगलीच्या बाजारात हळकुंड, गड्डा, कणी असे माल वेगवेगळे विकले जातात. राजापुरी आणि सेलम या जातींची नावे लहान मुलांनाही ठाऊक असतात. कसबे डिग्रजला हळदीवर संशोधन करणारे केंद्र आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हे व्यापाराच्या अंगाने सगळ्यांना माहीत आहे. रंगाच्या अंगाने पाहणारे मात्र विरळा. काढलेली हळद काहिलीत शिजवतात, आता बॉयलरमध्ये वाफेवर शिजवतात. शिजवल्याने कंदातला स्टार्च फुगतो, कच्चा वास जातो आणि रंग कंदभर सारखा पसरतो. मग ती उन्हात वाळवतात आणि पॉलिश करतात. इथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या रंगाला ऊन सोसत नाही तो कितीतरी दिवस उन्हात पडून राहतो आणि तरी हळकुंड मोडले की आत गर्द नारिंगी निघतो. बाहेरचा थर ऊन झेलतो. आत, स्टार्च आणि तेल यांच्या सान्निध्यात, रंग शाबूत असतो. दळली की हे कवच संपते.

हा रंग म्हणजे कुरकुमीन. हळदीत ते साधारण ३ ते ६ टक्के असते. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी ते हळदीतून वेगळे काढले आणि १९१० मध्ये त्याची रेण्वीय रचना उलगडली. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलात विरघळते, म्हणून फोडणीत हळद पडली की तेल लगेच पिवळे होते. तुरटीवाचूनही ते सुती कापडाला धरते. रंगाऱ्याला यापेक्षा सोयीचा रंग नाही, आणि यापेक्षा बेभरवशाचाही नाही. रंगांचा उजेडातला टिकाऊपणा मोजायला १ ते ८ अशी एक जागतिक मोजपट्टी आहे, त्यात हळद अगदी तळाच्या पायरीवर येते. हे शास्त्र आपल्या घरातल्या बायकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. कपड्यावर हळदीचा डाग पडला, साबण लावला, डाग लाल झाला. तरी कोणी घाबरत नाही, तो कपडा दोरीवर उन्हात टाकला जातो आणि डाग निघून जातो. साबणाच्या अल्काने कुरकुमीन लाल होते, उजेडाने त्याचा रेणू तुटतो. दोन्ही गुणधर्म एका धुण्यात तपासून होतात.

उजेडाचे हे वैर लक्षात घेतले की हरिपूरची पेवे वेगळ्याच नजरेने पाहावीशी वाटतात. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात व्यापाऱ्यांची हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवण्याची पद्धत होती. अरुंद तोंडाचे, आत पसरत गेलेले खोल कोठार. हळद भरून तोंड बंद केले की वर माती. आत उजेड नाही, वारा नाही, आणि काही काळाने प्राणवायूही नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते, हे तिथल्या हमालांचे पक्के ज्ञान. ज्या हवेत माणूस गुदमरतो त्या हवेत किडाही जगत नाही आणि रंगही विटत नाही. हळद वर्षानुवर्षे तशीच राही. २००५च्या महापुराने या पेवांचे फार मोठे नुकसान केले, २०१९च्या पुराने पुन्हा तडाखा दिला, आणि आता साठवण बहुतांशी गोदामांत आणि शीतगृहांत गेली आहे. पेवे जाताना त्यांच्याबरोबर ती खणण्याची, भरण्याची, हवा ओळखण्याची विद्या जाते आहे. ज्यांनी पेवांवर काम केले अशी माणसे अजून गावात आहेत. त्यांच्याशी बोलणे हे या अभ्यासातले आजचे, उद्यावर न टाकण्याजोगे काम आहे.

बोस्टनमध्येही असे एक पेव आहे. १९२१ मध्ये विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या भावांनी आपली सुमारे साडेसहा हजार जपानी ठसेचित्रे तिथल्या ललितकला संग्रहालयाला दिली, ती एका अटीवर : ही चित्रे कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत. लोकांसाठी दिलेले चित्र लोकांना दाखवायचे नाही, ही अट पुष्कळांना विचित्र वाटली असेल. पण शंभर वर्षे अंधारात राहिल्यामुळे त्या संग्रहातले पिवळे, जांभळे आणि जपानमधल्या एका रानफुलाचे नाजूक निळे आज इतर संग्रहांच्या तुलनेत ताजे आहेत. एकाच ठशाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या, एक अंधारातली आणि एक भिंतीवर टांगलेली, तर गेलेल्या रंगाचा हिशेब डोळ्यांनी मांडता येतो. त्याच संग्रहालयातल्या मिशेल डेरिक, रिचर्ड न्यूमन आणि जोन राइट यांनी २०१७ मध्ये जपानी ठसेचित्रांतले पिवळे आणि तांबडे सेंद्रिय रंग ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि रंग परत कोणत्या तरंगलांबीत चमकतो त्याचा नकाशा काढायचा. प्रत्येक वनस्पतीचा नकाशा वेगळा येतो. कागदाचा कणही कापावा लागत नाही.

या तत्त्वाची चुणूक कराडातही पाहता येते. नोटा तपासायचा अतिनील विजेरी दिवा घ्या, अंधाऱ्या खोलीत अल्कोहोलात कालवलेल्या हळदीवर धरा : कुरकुमीन हिरवट पिवळ्या झळाळीने पेटते. दारुहळदीचा काढा वेगळाच लख्ख पिवळा चमकतो. हरताळ असे चमकत नाही. त्याच्यातले आर्सेनिक मात्र क्ष-किरणांच्या उपकरणाला लगेच सापडते. प्रयोगशाळेत याहून सूक्ष्म साधने आहेत, पण तिथेही विचाराची दिशा हीच असते. एक इशारा इथेच देतो. हे प्रयोग स्वतः रंगवलेल्या कागदावर करायचे. जुन्या पोथीवर, चित्रावर, वस्त्रावर पाण्याचा, चुन्याचा किंवा स्पिरिटचा थेंबसुद्धा टाकायचा नाही.

चुन्याचा उल्लेख आला, तर भिंतींकडे वळू. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत आणि त्यांत पिवळा आहे. तो पाहून हळदीची आठवण येणे स्वाभाविक, पण चुन्याचा गिलावा अल्कधर्मी असतो. त्याच्या ओल्या अंगावर हळद लाल पडेल आणि पुढे उजेडात नाहीशी होईल. भिंतीवर दोन-दोन शतके टिकलेला पिवळा मातीचा किंवा खनिजाचा असण्याची शक्यता कितीतरी अधिक, रामरज किंवा हरताळ. एवढा तर्क करायला कोणतेही उपकरण लागत नाही. औंधला मात्र डोळे वेगळे लावावे लागतात. कराडच्या कोटात ज्यांचा मुक्काम असे त्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातले औंधचे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि १९३८ मध्ये त्यांनी तिथे संग्रहालय उभारले. तिथली लघुचित्रे कागदावरची आहेत. कागदावर हळद, पेवडी, हरताळ, गँबोज यांपैकी काहीही असू शकते, आणि चित्रातला एखादा निळसर माळ खरेच निळा होता का, हा प्रश्न तिथे विचारण्याजोगा आहे.

पेवडीबद्दल दोन शब्द. जुन्या चित्रांतला हा पिवळा, आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून बिहारात मुंगेरजवळ तयार होत असल्याचे त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लिहिले. ही हकीकत खरी की ऐकीव, यावर पुढे खूप वाद झाले. रंगाच्या रेणूचा माग मात्र आंब्याच्या पानातल्या द्रव्यापर्यंत जातो, म्हणून गाईच्या पोटातून आलेला हा रंगही अखेर वनस्पतीचाच.

आपल्याकडे कागदावर रंगीत ठशांची चित्रे छापण्याची परंपरा जपानसारखी रुजली नाही. ठसे होते, पण कापडासाठी. मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली, ती या भागातल्या छपाईची अभिमानाची खूण. पण ती अक्षरांची छपाई. पुढे १८७८ मध्ये पुण्याला चित्रशाळा आणि १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला तोवर कारखान्यातले रंग आलेले होते. मग आपल्या कागदावर वनस्पतीचा पिवळा कुठे शोधायचा? मला वाटते, पूजेत. लग्नपत्रिकेच्या चार कोपऱ्यांना लावलेली हळद, जन्मपत्रिकेच्या गुंडाळीवरची बोटे, दिवाळीत पुजलेल्या वहीचे पहिले पान. घरोघर असे कागद आहेत आणि त्यांवर बहुधा तारीख असते! जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा असा हा साठा आहे : तारीखवार हळद, काही घडीच्या आत अंधारात राहिलेली, काही बाहेरच्या बाजूने उजेड खाल्लेली. तिची पद्धतशीर पाहणी झाली तर भारतीय कागदावर हळद किती वर्षांत किती विटते याचे उत्तर इथेच मिळेल.

आणि मग पाल. कराड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पालीचा खंडोबा. पौषातल्या यात्रेत देवाच्या लग्नाला भंडारा उधळला जातो, तेव्हा माणसे, पालख्या, दगडी फरसबंदी, हवा, सगळे पिवळे होते. भंडारा म्हणजे हळद. पण बाजारात हळदीच्या नावावर पिवळी भुकटी विकणारे पूर्वीपासून आहेत. मेटॅनिल यलो नावाचा कोळशाच्या डांबरापासूनचा रंग आणि शिशाचे क्रोमेट ही हळदीतल्या भेसळीची जुनी उदाहरणे. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, तिथून सुरू झालेल्या धंद्याचे हे एक टोक आहे. माणसे श्रद्धेने कपाळी लावतात आणि प्रसाद म्हणून तोंडातही टाकतात त्या पदार्थात असे काही मिसळणे मला अक्षम्य वाटते. ते ओळखणे अवघड नाही. खऱ्या हळदीत चुन्याची निवळी टाकली की लाल होते. मेटॅनिल यलो उलट आम्लाने रंग बदलतो : हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडताच गुलाबी-जांभळा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली नववी-दहावीच्या मुलांना हे करता येईल, आणि त्यांच्या गावच्या यात्रेसाठी ते उपयोगाचेही ठरेल.

कुंकवातही हाच अभ्यास आहे. हळकुंडे टाकणखार, तुरटी आणि लिंबाच्या रसात मुरवून, वाळवून, कुटून पारंपरिक कुंकू होते. टाकणखारातले बोरॉन कुरकुमिनाला धरते आणि लाल संयुग तयार होते. हीच क्रिया रसायनशास्त्रज्ञ उलट बाजूने वापरतात : हळदीत बुडवून वाळवलेला कागद बोरॉन ओळखायला प्रयोगशाळेत ठेवलेला असतो. कुंकू करणाऱ्याच्या हातातली कृती आणि प्रयोगशाळेतली चाचणी यांचे मूळ एकच. म्हणून कुंकू करणाऱ्याला मी या विषयातला जाणकार मानतो, माहिती पुरवणारा साक्षीदार नव्हे. त्याचे नाव, त्याची कृती, त्याची प्रमाणे अभ्यासात त्याच्या श्रेयासकट यायला हवीत, अर्थात त्याची संमती असेल तर.

लिहून ठेवण्याचे महत्त्व हळदीनेच आपल्याला एकदा शिकवले आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते रद्द झाले, कारण हा उपयोग आधीच कुठेतरी छापील किंवा लेखी स्वरूपात नोंदलेला दाखवता आला. प्रत्येक आजीला ठाऊक असणे पुरेसे ठरले नसते. हळदीच्या औषधी उपयोगांच्या नोंदी ग्रंथांत होत्या. रंगाच्या उपयोगांच्या, विशेषतः इथल्या रंगाऱ्यांच्या, कुंकू करणाऱ्यांच्या आणि पेवांवरच्या माणसांच्या ज्ञानाच्या नोंदी फार थोड्या आहेत.

तेव्हा सुरुवात अशी करा. पांढरा हातकागद घ्या, त्याच्या पट्ट्या कापा. एकीवर हळद, एकीवर डाळिंबाचे टरफल, एकीवर पारिजातकाचे देठ, एकीवर कांद्याची टरफले, एकीवर हिरडा. प्रत्येक रंग एकदा तुरटीसह आणि एकदा तुरटीवाचून. वाळल्यावर प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि सगळ्या पट्ट्या दक्षिणेच्या खिडकीत लावा. एक पट्टी निळीवर हळद चढवून हिरवी केलेली असू द्या. जपानी चित्रांतली निळी पाने कशी झाली ते ती पट्टी दाखवील. आठवड्याने पाहा, महिन्याने पाहा, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही जाऊ द्या. पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहा : वनस्पती कोणत्या गावची, कोणत्या महिन्यात आणलेली, हळद असेल तर जात कोणती आणि शिजवलेली की कच्ची, पाणी विहिरीचे की नळाचे, भांडे तांब्याचे, लोखंडी की स्टीलचे, तुरटी किती, आणि कृती कोणी सांगितली. पाण्याचा आणि भांड्याचा उल्लेख गाळू नका. कराडच्या विहिरीचे जड पाणी आणि कोयनेचे पाणी हळदीला एकच रंग देतील असे गृहीत धरता येत नाही.